बोबालच्या तीन बाटल्या आन शिवेवरचा म्हसोबा

आदी माफी मागून घेतो. शुद्धलेखनाच्या चुका लय असतील. शाळा म्या पाचवीतच सोडली. मास्तर उभं करून कविता म्हनाया लावायचं, माझं तोंडच उघडायचं न्हाई, मग मीच जायचं बंद केलं. दुसरं म्हंजे हे टाइप करायला लय येळ लागतोय. आमच्या दुकानात मराठी टाइपरायटर विकायला आलाय. गिऱ्हाईक मिळंपर्यंत शेठजींनी मला दुपारचा त्यावर हात बसवायला सांगितलंय. एक अक्षर हुडकंपर्यंत मानूस चहा पिऊन येईल. 'ळ' कुटं हाय ते तर मला कालपर्यंत घावलंच नव्हतं, आन लोणावळ्यात राहून 'ळ' नसला तर काय लिहिनार.

वाचनालयाच्या दाराजवळच्या फळीवर लोक आपापल्या सहलीचं लिहून लावत्यात, ते तुमी वाचताच. कार्ल्याची लेनी झाली, राजमाची झाली. आंदर मावळात बोगद्याचं काम चाललंय ते बघायला लय जनांला जायचंय, पन वाट कशी, खायचं काय, हे कुनी लिहिलं न्हाई. मी जाऊन आलोय हे वाचनालयातल्या नानांला कळलं. म्हनले, "जसं बोलतोस तसं लिही." मग माझ्याकडं बघून म्हनले, "तू बोलत तर न्हाईसच. निदान लिही."

तर मी लोणावळ्यात शेठजींच्या दुकानात कामाला हाय. शेठजी पारशी हायत. बंगल्यांवरच्या साहेब लोकांला लागनारा माल आमच्याकडं मिळतो. बिस्किटं, चीज, मेनबत्त्या, दारू. मे महिन्यात एक लाकडी पेटी आली. बोटीनं मुंबईला, तितनं रेल्वेनं आमच्याकडं. आत गवतात गुंडाळलेल्या तीन काळ्या बाटल्या, तोंडाला लाल लाख. ही पेटी आंदर मावळात बोगद्यावरच्या राफेल साहेबाला पोचवायची व्हती. साहेब इस्पेन देशाचा, सुरुंग लावायच्या कामावर. नेहमी माल पोचवनारा गडी तापानं पडला व्हता, आन पाऊस लागला की तिकडची वाट बंद.

शेठजी म्हनले, "दीकरा, तूच जा. आनि नीट ऐक. ही साधी दारू नाय. साहेबाचा भाऊ तिकडे द्राक्षाची बाग बघते. बोबाल नावाची काळी द्राक्षं. त्याची दारू एकटी कोन पीत नाय, दुसऱ्या फिक्या दारूला रंग यावा म्हनून मिसळते. भाऊनी या टायमाला नुसत्या बोबालची केली. साहेबानी चाखायची आनि सांगायचं. चांगली असेल तर वेली राहनार. नाय तर भाऊ सगळ्या वेली उपटनार, दुसरी जात लावनार. अर्धी बाग साहेबाची हाय, म्हनून विचारते."

मी मान हलवली.

"हलवू नको. ऊन लागू देऊ नको. लाख फोडू नको. समजला?"

मी परत मान हलवली. शेठजी दुकानातल्या हिशेबनीस मेहतांकडं वळून म्हनले, "हा पोऱ्या बरा. वाटेत कोनाशी गप्पा मारनार नाय."

आता वाट. लोणावळ्याहून सकाळची पुन्याकडं जानारी गाडी धरा. थर्ड क्लासात खिडकीची जागा मिळती, कारन मुंबईची मानसं लोणावळ्यालाच उतरत्यात. तिकीट थोड्या आन्यांत येतं. मळवली, कामशेत, मग वडगाव. पेटी म्या मांडीवर घेतली व्हती, वर ओलं पोतं. शेजारच्या बाईला पोत्याचं पानी लागलं. ती म्हनाली, "काय मासं हायत का रं?" म्या पोतं नीट आवळलं. तिनं नाक मुरडलं आन सरकून बसली. मला जागा जास्त मिळाली.

वडगावला उतरल्यावर कचेरीपुढं झाडाखाली बैलगाड्या उभ्या असत्यात. कचेरीत ज्यांची कामं असत्यात ती मानसं सकाळी येत्यात आन दुपारी परत जात्यात, त्यांच्या गाडीत जागा स्वस्त पडती. नुसती गाडी ठरवली तर जास्त पडंल. आदी बाजारात पोट भरून घ्या, पुढं दुकान न्हाई. म्या भजी आन पाव खाल्ला. भजी बरी व्हती, पाव शिळा.

शेठजींनी मला कोंडूभाऊ गाडीवानांचं नाव सांगितलं व्हतं. त्यांचं घर आंदर मावळातच, बोगद्याच्या अलीकडच्या वाडीत. पन्नाशीचा मानूस, मिशा पांढऱ्या, बोलनं अखंड. त्यांनी पेटीला कान लावला.

"आत काय हाय?"

"बाटल्या."

"कशाच्या?"

कोंडूभाऊंनी पेटी जराशी हलवली.

"दारू हाय व्हय! आवाज वळखतो मी. कुटली?"

"इस्पेनची."

"ते कुटं आलं? तळेगावाच्या पल्याड?"

आजूबाजूचं गाडीवान हसलं. मी पेटी त्यांच्या हातातनं घेतली आन भाताच्या पेंढ्यात बसवली.

इंद्रायनी ओलांडून टाकव्यापर्यंत रस्ता बरा हाय. पुढं मात्र दगडच दगड. जानारांनी जाड चपला घ्याव्यात आन पान्याचा तांब्या संग ठेवावा. दोन्ही बाजूला भाताची खाचरं, मे महिन्यात कोरडी, राब जाळल्यानं काळी. डोंगराच्या कडंला करवंदाच्या जाळ्या. करवंदं फुकट, पन काटं हायत. आन पिकलेलीच खा, कच्चं खाल्लं तर व्हट एकमेकांला चिकटत्यात आन दिसभर जीभ जड ऱ्हाती.

दुपार कलल्यावर आमी शिवेवर पोचलो. वाटेच्या कडंला उंबराखाली शेंदूर फासलेला मोठा दगड. म्हसोबा. बैल आपोआप थांबलं. कोंडूभाऊ म्हनलं, "बघ, त्यांला बी ठावं हाय." मला वाटलं बैल सावली बघून थांबलं.

त्या खोऱ्याची रीत अशी हाय. शिवेच्या आत जो माल जाईल, त्यातलं थोडं म्हसोबाला ठेवायचं. त्याला शिवेचा मान म्हनत्यात. तांदूळ नेत असाल तर मूठभर तांदूळ, तेल नेत असाल तर धार. कासारानं एक बांगडी ठेवायची. आमी थांबलो तवा एक म्हातारी डोक्यावर हिरड्याचं पोतं घेऊन आली. हिरडा म्हंजे तेच, खोकल्याला चघळत्यात ते. तितं डोंगरात लय व्हतो, आन कातडं कमवायला पुन्याला जातो. तिनं पोतं न उतरवता एक हिरडा काढून दगडापुढं ठेवला आन चालू लागली. दगडापुढं असं काय काय पडलं व्हतं. मीठ, बिडी, फुटकी पाटी, करवंदं. एक बूट सुद्दा व्हता, एकाच पायाचा.

कोंडूभाऊ म्हनलं, "काढ."

मी खिशातनं एक पैसा काढला.

"पैसा तुझा हाय. माल कुनाचा?"

म्या फडक्यातली भाकरी दाखवली.

"भाकरी बी तुझीच. गाडीत जे हाय त्यातलं द्यायचं. गाडीत दारू हाय. म्हसोबाला दारू चालती, उलट लय चालती. आन इस्पेनची तर त्यानं कवा पेली असंल?"

मला सांगायचं व्हतं की लाख फोडायची न्हाई. साहेबाच्या भावाच्या वेलींचा सवाल हाय, ह्या तीन बाटल्यांवर सगळं ठरायचंय, हे सगळं माझ्या डोक्यात नीट व्हतं. तोंडात आलं न्हाई. आन गप बसनं म्हंजे व्हय, असं आमच्याकडं धरत्यात.

कोंडूभाऊंनी विळ्यानं कारवीची काडी तासली, लाख खरवडली आन बूच काडीनं आत ढकललं. बूच आत पडलं तसा गडद रंग त्यांच्या सदऱ्यावर उडाला. मग त्यांनी म्हसोबावर धार धरली. शेंदरावरनं ती काळीजांभळी खाली उतरली आन मातीत गेली. बाटली पाऊन राह्यली. देवाला दिलेल्यातलं आपन बी घ्यायचं असतं, म्हनून कोंडूभाऊंनी तळहातावर थोडी घेतली आन पेली.

त्यांचं तोंड असं झालं, जसं कुनी त्यांच्या जिभेला पोतं बांधलं.

"आयला. ही दारू हाय का हिरड्याचा काढा? ह्यानं मानूस झिंगायचा न्हाई, बुजायचा." मग माझ्याकडं बघून, "घेतोस?"

म्या न्हाई घेतली. आईनं सांगितलं व्हतं तिकडं दारू पिऊ नगंस. मी नुसता वास घेतला. ओल्या मातीचा आन कातड्याचा.

बाटलीच्या तोंडात पळसाचं पान गुंडाळून बसवलं. आता ती आडवी ठेवता येईना, म्हनून म्या मांडीवर धरली. वाट अशी की सगळा वेळ ती आत डुचमळत व्हती. शेठजींनी सांगितलेलं एक बी टिकलं नव्हतं. लाख फुटली, बाटली हलली, आन ऊन तर व्हतंच.

संध्याकाळी कोंडूभाऊंच्या वाडीत पोचलो. ज्यांला मुक्काम करायचाय त्यांनी वाडीतच करावा. बोगद्यापाशी नुसती पत्र्याची खोपटं हायत, रातभर यंत्र चालतं. वाडीत घराघरात पाहुन्याला जागा देत्यात. पैसं घेत न्हाईत, पन साखर न्हेली तर खूस व्हत्यात. कोंडूभाऊंची बायको, मावशी, तांदळाची भाकरी आन सुक्या बोंबलाची चटनी वाढत व्हती. तिची नजर बाटलीवर गेली.

"ती काय हाय रं?"

"साहेबाची," कोंडूभाऊ म्हनलं.

"साहेबाची मग फुटलेली कशी? आन तुमच्या सदऱ्यावर काय सांडलंय?"

"म्हसोबाचा मान दिला."

"म्हसोबाला सदरा घालत्यात का?" मावशी म्हनाली. मग मला, "चुलीपाशी नगं ती. पान्याच्या माठाखाली वाळू हाय ओली, तितं खोचून ठेव."

म्या तशी ठेवली. उरलेल्या दोन बंद बाटल्या पेटीत.

त्या वाडीबद्दल एक लिहून ठेवतो, म्हंजे जानारांला आश्चर्य वाटायला नगं. घरं अर्धी उतरवलेली हायत. वासं, कौलं काढून बाहेर रचून ठेवल्यात. खाली धरन बांधत्यात, ते पुरं झालं की पानी हितवर येनार. बोगद्यातनं ते पानी डोंगराच्या पल्याड कोकनात सोडायचं, वीज करायला. वाडी वरच्या माळावर जानार. कोंडूभाऊंनी हे मला जेवता जेवता सांगितलं, जसं एखादा सांगतो की उद्या बाजार हाय. त्यांचं भाताचं खाचर ओढ्याला लागून, सगळ्यात खाली.

सकाळी उठलो तर कोंडूभाऊ माठापाशी बसलं व्हतं. हातात बाटली.

"म्हनलं बगू तर, खराब झाली का. साहेबाला खराब माल कसा द्यायचा," असं म्हनून त्यांनी तळहातावर थोडी वतली, पेली, आन बसून ऱ्हायलं. मग परत थोडी वतली.

"आरं," ते म्हनलं.

त्यांनी तळहात चाटला.

"ही कालचीच का?"

मी मान हलवली.

"काल हिरडा व्हती. आज बग, जांभूळ. पिकल्यालं. काय केलंस रातीत?"

काय केलं नव्हतं. मावशीनं येऊन बाटली हातातनं काढून घेतली, पान परत खोचलं आन म्हनाली, "साहेब चाखनार हाय का तुमीच?"

वाडीपासून बोगदा पायी अर्ध्या सकाळची वाट. चढ हाय पन सोपा. गाडी खालपर्यंत जाती. बघायला म्हंजे डोंगराला मोठं भोक, त्यातनं रुळावरनं दगडाच्या ढकलगाड्या बाहेर येत्यात. सुरुंग लावायच्या आदी भोंगा वाजतो, तवा लाल झेंड्याच्या आत जायचं न्हाई. जमीन पायाखाली हलती आन मग आवाज येतो, आदी हलती आन मग आवाज. मला ते बघायला बरं वाटलं. जानारांनी कानात कापूस न्यावा.

राफेल साहेबाचं पत्र्याचं घर जरा बाजूला हाय. साहेब उंच, वाळका, दाढी राखाडी. मराठी तो बोगद्यातल्या गड्यांकडनं शिकलाय, म्हनून आमच्यावानीच बोलतो.

"काय रं पोरा, शेठचा का तू? ये आत. पेटी आनलीस?"

कोंडूभाऊ बैलांला पानी पाजायला खाली ऱ्हायलं. मी एकटाच आत गेलो. पेटी टेबलावर ठेवली. तिसरी बाटली माझ्या पिशवीत व्हती. ती कशी काढायची आन काय सांगायचं हे ठरत नव्हतं, म्हनून पिशवी खांद्यालाच ऱ्हायली.

साहेबानं पेटी उघडली. एक बाटली उजेडात धरली, बराच वेळ. मग स्क्रूनं बूच काढलं, काचेच्या पेल्यात थोडी वतली, वास घेतला. एक घोट घेतला आन दाराबाहेर थुंकला.

"शाई," तो म्हनला.

पेला धुतला. दुसरी बाटली फोडली. परत वास, परत घोट. ह्या वेळी गिळला, पन डोळं मिटून.

"ही बी तशीच." तो खुर्चीवर बसला. "माझा बाप म्हनायचा ते खरं. बोबाल दुसऱ्याला रंग द्यायला जन्माला आलीया. एकटी प्यायची न्हाई." मग माझ्याकडं बघून, पन मला सांगत नव्हता बहुतेक, "भावाला वाटलं व्हतं जमंल. आजाच्या हातच्या वेली हायत त्या. कमरेपतुर उंच, मांडवाबिगर. आमी त्यांच्यात लपायचो."

त्यानं कागद वढला. "शेठला सांग, ही तार आजच करायची," म्हनला आन लिहाया लागला. लिहिता लिहिता बोलला बी. "उपटून टाक."

बाहेर भोंगा झाला. जमीन हलली, मग आवाज आला. टेबलावरचा पेला सरकला.

मला वाटलं, ही तार मीच न्हेनार. म्हंजे त्या वेली उपटायचा हुकूम मीच न्हेनार, पिशवीत घालून. आन त्याच पिशवीत ती बाटली.

म्या ती काढून टेबलावर ठेवली. पळसाचं पान सुकून काळं झालं व्हतं. आत बूच तरंगत व्हतं.

साहेबानं बघितलं. "ही कुनी फोडली?"

"म्हसोबाला दिली," मी म्हनलो.

"कुनाला?"

"शिवेवर. मान द्यावा लागतो." कागद अजून त्याच्या हातात व्हता. म्हनून म्या म्हनलं, "काल हिरडा व्हती. आज न्हाई."

एवढंच. आयुष्यात एवढं सलग म्या परक्या मानसापुढं बोललो नव्हतो.

साहेब हसला न्हाई, रागावला बी न्हाई. पान काढलं, पेला परत धुतला, वतली. वास घेतला आन पेला तसाच नाकापाशी धरून ऱ्हायला. मग घोट घेतला. दाराकडं गेला न्हाई. दुसरा घेतला. बाहेर ढकलगाड्यांचा आवाज चालू झाला व्हता.

"ह्यात हवा गेलीया," तो म्हनला. "दिसभर हवा खाल्लीया हिनं. जाड सालीचं द्राक्ष, मला कळाया पायजे व्हतं." मग परत प्याला. "कोन हाय रं हा म्हसोबा?"

"रेड्याचा देव. शिवेवर असतो."

आता मात्र तो हसला. लय हसला, डोळं पुसाय लागला. त्यानं सांगितलं की बोबालचा घड बैलाच्या मुंडक्यासारखा दिसतो, त्यावरनंच ते नाव पडलंय असं त्यांच्याकडं म्हनत्यात. "बैलाची दारू रेड्याला पाजली, आन मला विचारलं बी न्हाई!"

पन तार त्यानं बदलली न्हाई लगेच. तसा पक्का मानूस. म्हनला, एका बाटलीवर भरवसा नगं, देवाची करनी असली तर बाकीच्यांचं काय. आज फोडलेल्या दोन्ही बाटल्या त्यानं चिनी मातीच्या जगात, म्हंजे पान्याच्या मोठ्या भांड्यात, वतल्या, वर फडकं टाकलं. मला म्हनला, उद्या सकाळपतुर थांब. पहिला कागद टेबलावरच व्हता, जगाखाली दाबलेला.

त्या संध्याकाळी बोगद्याच्या वरच्या बाजूला कड्यावर गेलो. जानारांनी जरूर जावं, पन वारं लय हाय, टोपी धरा. पुढं एकदम कोकन दिसतं, खाली, धुरकट. मागं वळलं की सगळं आंदर मावळ. कोंडूभाऊंचं खाचर तितनं दिसतं का बघत व्हतो. दिसलं. लहान हाय.

सकाळी साहेबानं कोंडूभाऊंला बी आत बोलावलं. तीन पेलं. एक माझ्यापुढं ठेवला, तो मी कोंडूभाऊंकडं सरकवला. साहेबानं जगावरचं फडकं काढलं.

कोंडूभाऊंनी आदी घेतली. त्यांला घाई व्हती.

"जांभूळ," ते म्हनलं. "साहेब, जांभूळच."

साहेबानं घेतली. जीभ फिरवली. मग पहिला कागद काढला, चार तुकडं केलं, नवा लिहिला आन मला वाचून दाखवला. "वेली ठेव. आदल्या दिवशी उघड." बास. तारेत एवढंच.

परतताना साहेब तट्टावर बसून आमच्या संग शिवेपतुर आला. जगातली उरलेली त्यानं एका बाटलीत भरून घेतली व्हती. म्हसोबापुढं उतरला, बूट काढलं, आन स्वतः धार धरली. पूर्वीचा डाग दगडावर वाळला व्हता, त्यावरनं नवा गेला. साहेब वततच ऱ्हायला.

"पुरं साहेब," कोंडूभाऊ म्हनलं, "द्येवाला चढंल, आन मग आमच्या बैलांला वाट दिसू द्यायचा न्हाई."

साहेब थांबला. उंबराखाली उभा राहून त्यानं खालच्या खाचरांकडं बघितलं. ते सगळं पान्याखाली जानार हे त्याला ठावंच व्हतं, त्याच कामावर हाय तो.

"हितवर पानी आलं की ह्याचं काय?" त्यानं दगडाकडं बोट केलं.

"नेऊ वर. गाडीत घालून," कोंडूभाऊ म्हनलं. "देव हलतो. शेत हलत न्हाई."

साहेब तट्टावर बसला, लगाम वढला आन वर निघून गेला. कोंडूभाऊंनी बैलांला हाक मारली. वडगावपतुर ते बोललं न्हाईत, हे त्यांच्या मानानं लय झालं.

लोणावळ्याला उतरलो तवा तार आपिस बंद व्हायला आलं व्हतं. शेठजींनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं. "लाख कोनी फोडला?" मी म्हनलो, "म्हसोबानं." शेठजींनी पुढं विचारलं न्हाई. तार गेली.

आता जाऊन आल्याला बरेच दिवस झाले. जानारांला सांगायचं तर हे, की पाऊस संपला की भात काढनीच्या आदी जा, खाचरं हिरवी असत्यात. पुढच्या का त्याच्या पुढच्या वर्साला ती वाट पान्याखाली असंल, म्हनून जे बघायचं ते लवकर. शिवेवर थांबाल तर संग जे असंल त्यातलं थोडं ठेवा. भावाचा काय निरोप आला ते मला ठावं न्हाई, पन साहेबानं शेठजींकडं सांगून ठेवलंय, पुढच्या पेटीत सहा बाटल्या येनार, आन एक कोंडूभाऊंच्या घरी द्यायची, म्हसोबा कुटं बी बसला असला तरी.

म्हसोबापुढं फोडलेली ती बाटली साहेबानं मला दिली. बूच आतच हाय, निघत न्हाई. आईनं तिच्यात करडईचं तेल भरलंय. तेल वतलं की बूच तोंडापाशी येऊन अडतं, मग धार बारीक पडती. आई म्हनती, तेल पुरतं त्यानं.

परवा दुकानात एक साहेब आला, बाटली उघडून घोट घेतला आन तोंड वाकडं करून परत करायला निघाला. मी म्हनलो, "उद्या बगा." मेहता माझ्याकडं बघत ऱ्हायलं.

आता थांबतो. बाहेर लय गलका झालाय. स्टेशनामागच्या विहिरीत बिबट्या पडलाय म्हनत्यात, सगळी मानसं तिकडं पळत्यात, आन शेठजींनी आत्ताच दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या.